वाहनाचं उद्वाहन

"घरात लिफ्ट बसवायची म्हणतोय," असं मी एका रविवारी पोहे खाता खाता म्हणालो आणि आईचे डोळे भरून आले.

खरं तर तिथेच थांबून खुलासा करायला हवा होता. पण आईने न मागता आणखी पोहे वाढले, वर मूठभर ओलं खोबरं घातलं, आणि बशीत खोबरं पडल्यावर माणूस खुलासे करत नाही.

आमचं रो-हाऊस हिंजवडीत, मारुंजीच्या अंगाला आहे. खाली हॉल आणि गॅरेज, वर देवघर. घर घेताना एका वास्तुतज्ज्ञाने होकायंत्र फिरवून ईशान्य कोपरा नेमका गॅरेजच्या डोक्यावर शोधून काढला. त्यामुळे देव वर आणि आई खाली अशी वाटणी झाली. मधे १७ पायऱ्या. आईचे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरतायत. रोज सकाळी फुलांची परडी घेऊन, एका हाताने कठडा धरून ती चढते आणि पायरीगणिक एका देवाचं नाव घेते. म्हणजे देवघरात पोचेपर्यंत १७ देवांचं उरकलेलंच असतं.

तेव्हा लिफ्ट म्हटल्यावर तिने जे समजायचं ते समजून घेतलं. "मला वाटलंच होतं, कधी ना कधी तुझ्या लक्षात येईल," म्हणाली. दहा मिनिटांत बातमी भिंतीपलीकडच्या काकूंकडे गेली, अर्ध्या तासात नागपूरला मावशीकडे. मावशीने फोन ठेवायच्या आत स्वतःच्या मुलाला सुनावून घेतलं, ते आम्हाला स्पीकरवर ऐकू आलं. दुपारी श्रीखंड-पुरी झाली. दुसरी वाटी चाटून पुसून संपवल्यावर मी म्हणालो, "आई, लिफ्ट गाडीसाठी आहे."

आईचं लाटणं पुरीच्या मध्यावर थांबलं.

"का? गाडीचे गुडघे दुखतात?"

दोष माझा नव्हता, शब्दाचा होता. हिंजवडीत 'लिफ्ट'ला आधीच दोन अर्थ आहेत. एक आयटी पार्कातल्या काचेच्या इमारतींमधली, जिच्यासमोर सकाळी साडेनऊला देवदर्शनासारखी रांग लागते. दुसरी शिवाजी चौकात अंगठा दाखवून मागतात ती. ही दुसरी हल्ली कुणी घेत नाही, कारण लिफ्ट मागणारा चालत पुढे जातो आणि देणारा त्याला वाटेत परत परत भेटत राहतो. मला हवी होती ती तिसरी: गॅरेजात दोन खांब, त्यांना चार हात, त्या हातांवर गाडी. बटण दाबलं की गाडी वर. मेकॅनिक लोक तिला 'टू-पोस्ट' म्हणतात.

बायकोने एकच प्रश्न विचारला. "फेज तीनला जायला तुला एक तास दहा मिनिटं लागतात. अंतर सहा किलोमीटर. ही गाडी वर गेल्याने त्यात किती मिनिटं वाचतील?"

मी म्हणालो, "एकही नाही. पण इथे पुढे जायला जागाच नाही, वर तरी आहे." हे मी उगाच म्हणालो नव्हतो. हिंजवडीत जे काही जातंय ते वरच जातंय. इमारती वर, भाडी वर, आणि माण ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची मेट्रोसुद्धा खांबांवरूनच. सगळं गाव चवड्यांवर उभं असताना माझ्या गाडीने काय म्हणून जमिनीला चिकटून राहायचं?

खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते थोडं लाजिरवाणं आहे. माझे वडील, अण्णा, टेल्कोत होते. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण अण्णांनी ते अजून मंजूर केलेलं नाही. लहानपणी रस्त्याने जाताना कुठलाही ट्रक दिसला की ते म्हणायचे, "हा आमच्या हातचा." मी वीस वर्षं ढगात नोकरी करतोय. क्लाऊड. काय करतो ते आईला विचारलं तर ती "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणते आणि तिचं तेही थोडं जास्तच अचूक आहे. मुलाला मी काय दाखवणार? बँकेचं अॅप अडकलं की पडद्यावर ते गोल चाक फिरत राहतं ना, ते दाखवून "हे आमच्या हातचं" म्हणू?

म्हणून मला एकदा तरी हाताला ग्रीस लागेल असं काही करायचं होतं. आणि त्यासाठी घरात गाडी होती: अण्णांची इंडिका, एमएच-१४, वय वर्षं वीसच्या पुढे, हरित कर भरून सन्मानाने रस्त्यावर. पिंपरीत जन्मली, चिंचवडात वाढली, हिंजवडीत अडकली. तिच्या पोटातून गेले वर्षभर खट्-खट् असा आवाज यायचा. गॅरेजवाला तिच्याखाली सरपटत जायचा, पाच मिनिटांनी बाहेर यायचा आणि आयसीयूतल्या डॉक्टरसारखा हात पुसत सांगायचा, "लोअर आर्मचे बुश गेलेत, लिंक रॉड गेला, सायलेन्सर जायच्या मार्गावर आहे." मी नातेवाइकासारखी मान हलवायचो आणि काउंटरवर पैसे भरायचो. पेशंटला आतून कधी पाहिलंच नव्हतं.

अण्णांचा लिफ्टला विरोध नव्हता, फक्त त्यांच्या मते ती चैन होती. "खड्डा खण," ते म्हणाले. "एसटीच्या डेपोत काय असतं? लांबलचक खड्डा. वर बस, खाली माणूस. पैसा वाचतो, वीज लागत नाही."

"अण्णा, हिंजवडीत पाऊस पडला की रस्त्याचा ओढा होतो. जूनमध्ये खड्ड्यात गाडीखाली पोहावं लागेल."

"आणि," बायको आतून म्हणाली, "या गावात खड्ड्यासाठी पैसे मोजले हे कुणाला कळलं तर हसतील."

खड्ड्याचा विषय तिथेच बुजला.

*

आता लिफ्टचं शास्त्र. गाडी उचलणाऱ्या या यंत्राचं श्रेय अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पीटर लुनाटी या गृहस्थांना देतात, साल १९२५. सांगतात असं की ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते. न्हाव्याने दांडी दाबली, खुर्ची अलगद वर गेली आणि लुनाटींच्या डोक्यात प्रकाश पडला. मीही गेली वीस वर्षं दर महिन्याला तशाच खुर्चीत बसतोय. माझ्या डोक्यावर आजवर फक्त पाणी पडलं.

आणि त्या खुर्चीमागचं तत्त्व त्याहून जुनं, सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कलचं. बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. शाळेत हे मला कळलं नव्हतं. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप पाहिल्यावर कळलं. काकूंनी एका टोकाला "यांच्याकडे लिफ्ट बसतेय" एवढाच दाब दिला होता. संध्याकाळपर्यंत तो चेअरमनपर्यंत तितक्याच जोराने पोचला.

चेअरमन सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत आणि मराठीवर त्यांचं प्रेम आहे, म्हणजे कार्यालयीन मराठीवर. दुसऱ्या दिवशी दारात पाकीट. "आपल्या निवासस्थानी विनापरवाना उद्वाहन उभारण्यात येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सदर उद्वाहनाबाबत सात दिवसांत खुलासा सादर करावा."

आई ते पत्र घेऊन शेजारच्या संस्कृतच्या निवृत्त बाईंकडे गेली. बाईंनी चष्मा पुसला. "उद्वाह म्हणजे विवाह. पण परवाना कशाला हवा? आणि घरात लग्नाचं आहे कोण?"

मी कोशात पाहिलं. लिफ्टला सरकारी मराठीत उद्वाहन म्हणतात हे खरं. उद्वाह म्हणजे लग्न हेही खरं. आणि आमच्या गॅरेजात व्हायचं होतं ते वाहनाचं उद्वाहन. एवढ्या कानडी-मराठी गोंधळातून मार्ग काढायला मी चेअरमनना घरी बोलावलं. ते लिफ्ट, सरकते जिने वगैरेंसाठीचा महाराष्ट्राचा २०१७चा कायदा छापूनच घेऊन आले.

"यात कारला दरवाजा हवा असं आहे," ते म्हणाले.

"आहे ना. चार आहेत. डिकी धरून पाच."

"ती कार नव्हे! लिफ्टच्या भाषेत माणसं ज्या पाळण्यात उभी राहतात त्याला कार म्हणतात."

मग तासभर आमची चर्चा झाली. त्यात ते कार म्हणाले की मला इंडिका दिसायची आणि मी कार म्हणालो की त्यांना पाळणा. शेवटी "ही लिफ्ट नसून गॅरेजचं अवजार आहे, माणूस यात बसणार नाही" असं मी लिहून दिलं. जाता जाता त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "आमची गाडी कधी वर घेऊन बघता येईल का? तिलाही आवाज येतो."

*

मग आकडेमोड. गॅरेजच्या छताची उंची साडेनऊ फूट. वरून तुळई असलेली लिफ्ट बसणं शक्य नव्हतं, तिला बारा फुटांच्या आसपास उंची लागते. मधे जमिनीवर पोलादी पट्टी असलेली, सव्वानऊ फुटी खांबांची मिळाली. आता साडेनऊ फुटांतून इंडिकाची स्वतःची उंची, म्हणजे पाच फूट, वजा करा. वर बोटभर जागा सोडा. गाडी उचलता येते ती सव्वाचार फूट. त्यात गाडीचं पोट मुळातच जमिनीपासून अर्धा फूट वर. म्हणजे पूर्ण चढवलेल्या गाडीखाली डोक्याला जागा उरते पावणेपाच फूट. मी पाच फूट आठ. अण्णा पाच सहा. आम्ही दोघं गाडीखाली उभे राहिलो तर कोर्टात माफी मागायला आल्यासारखे दिसणार.

अख्ख्या घरात त्या गाडीखाली ताठ उभं राहू शकेल असं माणूस एकच निघालं. आईची उंची चार फूट आठ इंच.

हे मी तेव्हा बोललो नाही. वेळ तशी नव्हती.

भोसरीचा फिटर पाहणीला आला. त्याने एका जागी ड्रिल मारून फरशीच्या पोटात बोट घातलं आणि माझ्याकडे करुणेने बघितलं. "साहेब, टाइलखाली तीन इंच पीसीसी आणि खाली नुसता भराव. यावर टनभराची गाडी उचलली तर गाडी जागेवर राहील आणि खांब बाहेर येतील." लिफ्टला निदान सहा इंच चांगलं काँक्रीट लागतं, एम-२५ दर्जाचं. दोन्ही खांबांखाली चार बाय चारचे चौकोन फोडायचं ठरलं. फोडल्यावर भरावातून बिल्डरचा इतिहास वर आला: सिमेंटच्या गोण्या, विटांचे तुकडे, एका पायातली चप्पल आणि चहाचा न फुटलेला ग्लास. ग्लास आईने धुऊन ठेवला.

काँक्रीट ओतलं आणि सुरू झाली २८ दिवसांची वाट. काँक्रीटला पुरती ताकद यायला तेवढे दिवस धरतात आणि सुरुवातीचे दिवस ते ओलं ठेवावं लागतं. आमच्याकडे पाणी टँकरने येतं. सोसायटीत गाड्या धुवायला बंदी, तिथे मी सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर बादली ओततोय हे पाहून काकूंनी आईला विचारलं, "काय पेरलंय?"

"खांब," आई म्हणाली. "दोन. उगवतील महिन्याभरात."

महिन्याने खांब आले, छोटा हत्तीतून. आमच्या पट्ट्यात असली वाहनं ओळखीचीच. अख्ख्या महाराष्ट्राने 'टेम्पो' हा शब्द आकुर्डीच्या बजाज टेम्पोवरून उचलला, मग कंपनीने २००५ साली नाव बदललं तरी शब्द काही परत दिला नाही. छोटा हत्तीतून सहाशे-सातशे किलोचं धूड उतरवायला सहा माणसं, एक ओंडका आणि सोसायटीतले सगळे निवृत्त लोक सल्ल्यासाठी हजर होते. फिटरने ओळंबा सोडला, खांबाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, अँकर बोल्ट ठोकले आणि टॉर्क पान्याने कट् आवाज येईपर्यंत आवळले. मोटार तीन एचपीची, सिंगल फेज. टाकीत ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल. बटण दाबल्याबरोबर मोटार गुरगुरली आणि वर देवघरातला दिवा क्षणभर मंद झाला.

"देवाने डोळे मिटले," आई म्हणाली.

*

पहिली चढाई आम्ही दसऱ्याला केली. अण्णांनी चारी हात फिरवून रबरी गाद्या गाडीच्या उंबऱ्याखाली, बरोबर जॅक पॉइंटवर आणल्या. पुढे इंजिनाचं वजन जास्त, म्हणून गाडी जरा मागे घेतली. चाकं जमिनीपासून चार बोटं उचलल्यावर त्यांनी मला थांबवलं, दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली. "पडायची असेल तर इथेच पडू दे," म्हणाले. पडली नाही. मग टक्, टक्, टक् करत खांबातले लॅच एकेक दात मोजत गेले आणि इंडिका छताला टेकायच्या बेतात आली.

आम्ही दोघं वाकून आत शिरलो. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सायलेन्सरच्या बाजूने हात सरकवत म्हणाले, "शॉपमध्ये गाडी अशीच डोक्यावरून जायची. आपण खाली उभं राहायचं, हात वर. गाडी पुढे सरकायची, दुसरी यायची. कित्येक वर्षं मी गाड्या खालूनच पाहिल्या. वरून कशा दिसतात ते घरी घेतल्यावर कळलं." त्यांच्या मानेला पट्टा का लागतो, ते मला त्या दिवशी समजलं.

तेवढ्यात आई आली. ताठ मानेने, चालत, सरळ गाडीच्या मध्यावर. आम्ही दोघं धनुष्यासारखे वाकलेले आणि मधे ती उभी, जणू गाडी तिच्या मापानेच उचलली होती. तिने वर पाहिलं. इंजिनाच्या तळाशी एक काळा थेंब लोंबत होता. तिने तो तर्जनीवर घेतला, अंगठ्याने दाबला आणि बोटं हळूच लांब केली.

"तार येत नाही," ती म्हणाली. "पाणी झालंय याचं. कधी बदललं होतं?"

अण्णा माझ्याकडे पाहू लागले. मी ग्रीसगनकडे. शेवटी लोअर आर्मचे बुशही तिनेच शोधले. "हे रबर बघ, भाकरीच्या कडेसारखं चिरलंय." खट्-खट् त्यातूनच येत होती. गॅरेजवाल्याचं निदान बरोबर होतं, पण त्याने कधी भाकरीची उपमा दिली नव्हती.

त्या दिवसापासून लिफ्टची कीर्ती झाली. चेअरमनची गाडी येऊन गेली. समोरच्या घरात दोन गाड्या होत्या आणि पार्किंग एक. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही असं परिवहनमंत्र्यांनी २०२५च्या मे महिन्यात जाहीर केल्यापासून त्या घरातला तरुण माझ्या गाडीखालच्या रिकाम्या जागेकडे वेगळ्याच नजरेने पाहायचा. "काका, तुमची वर असते तेव्हा माझी खाली..." गाडीसाठी सरकारी हिशेबाने अडीच बाय पाच मीटर जागा लागते, ती त्याने मनातल्या मनात मोजलेलीही होती. अण्णांनी त्याला समजावलं की ही लिफ्ट दुरुस्तीची, माळ्यासारखं वापरायची नाही. गाडीवर गाडी ठेवायला चार खांबांची वेगळी मिळते. तो हिरमुसला, पण त्याची सायकल अजून तिथेच आहे. लिफ्टच्या हातांवर उन्हाळ्यात दांडी टाकून कुरडया वाळल्या. या काळात मी स्वतः गाडीचं किती काम केलं? दोनदा तेल बदललं, एकदा बोट चेचून घेतलं. ग्रीस मात्र नखात टिकलं. ऑफिसमध्ये एका मीटिंगला मी मुद्दाम कॅमेऱ्यासमोर हात हलवून बोललो, कुणी विचारलं नाही.

*

आणि मग हनुमान जयंती आली.

हिंजवडीत या दिवसाला फार महत्त्व आहे. हिंजवडी-वाकडचा म्हातोबा, त्याची यात्रा त्या दिवशी. बगाड निघतं, मानाचा गळकरी उंच लाकडी बगाडावर चढतो, गुलाल, ढोल आणि माणसांचा पूर वाकडकडे सरकत जातो. आयटी पार्कातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की काचेच्या इमारतींच्या आधी इथे एक गाव होतं, आणि अजून आहे.

मी सकाळीच तेल बदलायला गाडी वर घेतली. अकराला वीज गेली. आणि बाराला मावशी आली, नागपूरहून, न सांगता, रिक्षाने.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आईने नागपूरची बातमी कधीच मागे घेतली नव्हती. सात महिने मावशी फोनवर "लिफ्ट कशी चाललीये?" विचारायची आणि आई "छान" म्हणायची. खोटं काहीच नव्हतं त्यात. आता मावशी ती लिफ्ट डोळ्यांनी बघायला आली होती. गॅरेजच्या दारात उभी राहून तिने छताला टेकलेली इंडिका पाहिली.

"यातून वर जातेस तू?"

आई डगमगली नाही. "नाही गं. मी खाली उभी राहते."

मावशीला उन्हात बाहेर ठेवून खुलासा करण्यापेक्षा गाडी खाली घेऊ, तिला जरा फिरवून आणू, असा मी विचार केला. लॅचची दोरी ओढली. काही झालं नाही. आणखी जोर लावला. अण्णा शांतपणे म्हणाले, "सुटणार नाही. गाडीचा सगळा भार दातावर बसलाय. आधी बटण दाबून इंचभर वर उचलायची, मग लॅच मोकळं होतं, मग खाली."

"म्हणजे खाली यायला आधी वर जावं लागतं?"

"हो."

"आणि वर जायला वीज लागते."

"हो."

गाडी वर, तेल अर्धं कढईत, मावशी पंख्याविना सोफ्यावर. संध्याकाळपर्यंत वीज आली नाही. शेवटी अण्णांनी फोन केला. त्यांच्या टेल्कोतले एक जुने सहकारी मूळचे हिंजवडीचे. आता मांडव आणि जनरेटर भाड्याने देतात. यात्रेची गर्दी ओसरल्यावर ते स्वतः जनरेटर घेऊन आले. टोपीवर, मिशीवर, भुवयांवर गुलाल. त्यांनी आमची लिफ्ट दोनदा प्रदक्षिणा घालून पाहिली.

"आमच्याकडं वर्षातून एकदा माणूस वर चढतो," ते अण्णांना म्हणाले. "पण उतरायचं कसं, ते चढायच्या आधी ठरलेलं असतं बघा."

जनरेटर घरघरला. मी बटण दाबलं. इंडिका इंचभर वर गेली, खांबात टक् झालं, दोरी सैल पडली आणि गाडी सुस्कारा सोडत खाली आली. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. चेअरमननी "उद्वाहन सुरळीत" असा मेसेज टाकला.

मावशी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती जिन्याकडे बघत होती. आई सांजवातीला निघाली होती, एक हात कठड्यावर, तोंडाने पहिल्या पायरीचा देव.

"काय गं," मावशी म्हणाली, "एवढी दोन टनांची गाडी वर-खाली करता. दोन किलोचे देव खाली आणायला काय झालं?"

गाडी एक टनाची आहे, पण मावशीला दुरुस्त करायची हिंमत कुणाची झाली नाही. ईशान्य कोपऱ्याचं काय, असं मी विचारणार होतो. आईनेच सांगितलं, "हॉललाही ईशान्य कोपरा असेलच की. होकायंत्र आहे ना तुझ्या फोनमध्ये?" कोपरा होता. टीव्हीच्या मागे.

पुढच्या गुरुवारी टीव्ही सरकला आणि देव उतरवायचं काम माझ्याकडे आलं. देवघरासमोर मी ताम्हन धरून वाकलो आणि बाळकृष्णाला सरळ ओढायला गेलो, तर आईने मनगट धरलं.

"असं ओढायचं नाही. गणपती हलवतो ना, तसं. आधी जरा उचल, मग खाली ने."

मी दोन्ही हातांनी बाळकृष्ण इंचभर वर उचलला. दारात अण्णा उभे होते, नव्या इंजिन ऑइलचा डबा काखेत धरून.

"लॅच सुटलं," ते म्हणाले. "आण आता खाली."